हमरस्त्याकडचं रान

आमच्या हेल्मडेलला माणसाची पारख त्याच्या रानावरून होते, आणि तीही गाडीच्या काचेतून. रविवारी चर्चहून परतताना सगळ्यांच्या गाड्या आपोआप हळू होतात. कुणाची पेरणीची ओळ वाकडी गेली, कुणाचं कुंपण कललं, कुणाच्या मोकळ्या रानात तण माजलं, हे घरी पोहोचेपर्यंत बघून, बोलून, हसून झालेलं असतं. सस्कॅचवान प्रांताच्या या सपाट मुलखात लपायला जागाच नाही. टेकडी म्हणावी असे जे थोडे उंचवटे आहेत, त्यांच्यामागे जेवढं झाकेल तेवढंच झाकायचं.

माझा नवरा एनार ट्वेटेन लपवालपवी करणाऱ्यातला नव्हता. आमचं मोठं रान हमरस्त्याला लागून आहे. ज्या वर्षी ते पीक न घेता मोकळं ठेवायचं, त्या वर्षी हा त्याच्यावर तव्यांचा कुळव इतक्या वेळा फिरवायचा की माती काळीभोर दिसायची. तणाचं एक पान दिसलं तरी जेवणावरून उठणार. माझ्याकडे लग्नाच्या दिवशीसुद्धा त्यानं इतक्या प्रेमानं बघितलं नसेल. मी चिडायचे. पण दुसऱ्यांच्या गाड्या आमच्या रानाशी हळू व्हायच्या तेव्हा माझीही मान ताठ व्हायची, हे कबूल करायला मला काही लाज नाही.

सहकारी दुकानात मागच्या बाजूला एक टेबल आहे. सकाळी पुरुषमंडळी तिथं कॉफीला जमतात, फासे टाकतात, आणि जो हरेल त्यानं सगळ्यांना कॉफी पाजायची. या टेबलावर एनारचा शब्द चालायचा. सरकारनं जमीन राखायची नवी योजना काढली, म्हणजे जिथं माती खराब झालीय तिथं नांगर बंद करा, मूळचं गवत परत लावा, बियाणं आणि सल्ला आम्ही देतो, तेव्हा एनारनं टेबलावर मूठ आपटली होती.

"माझ्या आजोबानं बैल जुंपून हे गवत मोडलं आणि गहू केला. आता मी सरकारचं बोट धरून तेच गवत परत लावू?"

सगळे खो खो हसले. सगळ्यात मोठ्यांदा हसले ते मर्व्हिन कोस्टिनियुक आणि क्लिफर्ड प्रिंगल. मर्व्हिन आमचा सख्खा शेजारी, तोंडानं फाटका आणि मनानं मोठा. क्लिफर्ड त्याच्या पलीकडचा. बोलायला इतका कंजूष की हवामानाबद्दलसुद्धा नुसती मान हलवतो.

पण जमिनीला कॉफीच्या टेबलावरचं बोलणं ऐकू येत नाही. आमच्या हमरस्त्याकडच्या रानात क्षार वर यायला लागला होता. आधी पोरांच्या चादरीएवढा पांढरा डाग होता, मग अंगणाएवढा, मग दर वसंतात वाढतच गेला. एनारनं नांगरून बघितलं, खत घालून बघितलं, दात-ओठ खाऊन बघितलं. तिथं गहू उगवेना. मग ओळीनं दोन कोरडी वर्षं आली आणि वारा सुटला. पांढरी-काळी माती उचलून वारा ती रस्त्यावर फेकायला लागला. भर दुपारी लोक दिवे लावून गाड्या चालवायचे.

एप्रिलमधल्या एका दुपारी शाळेची बस आमच्या रानासमोर रस्त्याच्या मधोमध थांबली. ड्रायव्हरला पुढचं काही दिसेना. मागून एक धान्याचा ट्रक येत होता, त्यानं ऐनवेळी ब्रेक दाबला म्हणून निभावलं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण एनार कुंपणाशी उभा होता, आणि त्यानं सगळं बघितलं. घरी आला, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि नुसता बसून राहिला.

"आर्डिस, माझं रान उडून पोरांच्या डोळ्यांत जातंय," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः त्या योजनेच्या कचेरीत फोन केला. मी शेजारी उभी राहून ऐकत होते. पत्ता सांगून झाल्यावर आवाज खाली करून म्हणाला, "आणि येताना मागच्या रस्त्यानं या." पलीकडून हसण्याचा आवाज मला इथपर्यंत आला.

आली ती फोनवर हसलेलीच, डेल्फीन गॅरो. केसांची वेणी, गुडघ्यापर्यंत धुळीचे बूट, आणि एनारला घाबरायचं असतं हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. तिनं मातीत पहार घातली, मूठभर माती हुंगली, आणि सगळी जमीन फिरून झाल्यावर म्हणाली, "तुमच्या मागच्या तळ्याकाठीही थोडा क्षार आहे. हवं तर तिथून सुरुवात करा. टेकडीमागं आहे, कोणाला दिसणार नाही. बरेच जण तसंच करतात."

एनारनं तिच्याकडे असं बघितलं की तिनं जणू त्याला चोरी करायला सांगितली. "माती उडते ती इथली. लावायचं तर इथंच लावायचं."

"मग एक ऐका. पहिल्या वर्षी इथं तुम्हाला फक्त तण दिसेल. गवत वर वाढायच्या आधी खाली मुळं सोडतं. तण गुडघ्याच्या वर जाईल, तुमचं मन खचेल, आणि तुमचा हात कुळवाकडे जाईल. तो जाऊ द्यायचा नाही. फार तर वीतभर उंची ठेवून वरून तण छाटा. मातीला हात लावलात तर संपलं. हे बियाणं पुन्हा मिळेलच असं नाही. उत्तरेकडच्या न मोडलेल्या माळावरून आम्ही ते गोळा करून आणतो, आणि यंदा जेवढं होतं त्यातलं शेवटचं तुम्हाला देतेय."

मे महिन्याच्या शेवटी एनारनं ते पेरलं. गव्हाला घेतली नसेल एवढी काळजी घेतली. आणि रात्री जेवताना मला बजावलं, "कोणाला सांगायचं नाही. उगवून वर आलं की मी स्वतः सांगेन. त्या टेबलावर उभा राहून सांगेन. पण त्याच्या आधी नाही."

"आणि तोवर लोकांना काय वाटेल?"

"वाटू दे," तो म्हणाला. पण ताटातलं तसंच ठेवून उठला.

डेल्फीन म्हणाली होती तेच झालं. जूनच्या शेवटी त्या रानात रानमोहरी पिवळीधमक फुलली, आणि तिच्या खालून काटेरी तण फोफावलं. रविवारी गाड्या हळू व्हायच्या, आणि मग एकदम जोरात जायच्या, आजारी माणसाच्या खाटेजवळून घाईनं निघावं तशा. मर्व्हिननं एकदा विचारलं, "काय एनार, कुळव मोडला का? माझा घेऊन जा." एनार म्हणाला, "बघू." सबंध आयुष्यात त्यानं कोणाला 'बघू' असं उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. टेबलावर जायचंच त्यानं बंद केलं. मी म्हटलं, सांगून टाक ना एकदा. तर म्हणे, "जे दिसत नाही त्याबद्दल काय सांगू?"

जुलैमध्ये त्याच्या छातीत कळ आली. गोठ्याच्या दाराशीच बसला. रजायनाला मोठ्या दवाखान्यात नेलं, छाती उघडून शस्त्रक्रिया केली. जीव वाचला. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय, तर, "तण कुठवर आलंय?" मी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि मनातल्या मनात त्याला चार शिव्या दिल्या.

मी सामान न्यायला घरी आले तो शुक्रवार होता. शनिवारी सकाळी न्याहारीच्या आधीच अंगणात यंत्रांचा आवाज आला.

आमच्याकडे हे असंच असतं. कोणाच्या घरी आजारपण आलं, कोणी गेलं, तर बोलावणं करावं लागत नाही. एक दिवस सगळे येतात, आपापली यंत्रं घेऊन, आणि महिन्याचं काम दिवसात उरकून जातात. आपण फक्त जेवायला घालायचं. आभार मानले तर लोक अवघडतात. आणि नको म्हणणं ही तर कल्पनाच नाही. मदतीला आलेल्याला परत पाठवणं म्हणजे त्याच्या तोंडात मारणं. एनार आजवर अशा प्रत्येक कामाला गेलाय, बहुतेक वेळा सगळ्यांच्या आधी. आता सगळे त्याच्यासाठी आले होते. गवत कापायची यंत्रं, गोल गठ्ठे बांधायची यंत्रं, ट्रॅक्टर, ट्रेलर. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मी दारात उभी राहिले आणि माझे डोळे भरून आले.

"रडतेस काय, कॉफी ठेव," मर्व्हिनची बायको स्टेला म्हणाली आणि हातातली दोन मोठी पातेली घेऊन सरळ माझ्या स्वयंपाकघरात घुसली.

दुपार उलटेपर्यंत आमच्या कुरणातलं उभं गवत कापून झालं होतं, आणि एनारनं आधीच कापून वाळत टाकलेल्याचे गठ्ठे बांधून रचले होते. मी आणि स्टेला सस्कटून नावाच्या रानबेरीच्या पाई ओव्हनमधून काढत होतो. जांभळा रस कडेनं उतू येत होता. खिडकीतून मी बघितलं, तर यंत्रं घरांकडे वळण्याऐवजी रांगेनं हमरस्त्याकडे निघाली होती. पुढं मर्व्हिनचा ट्रॅक्टर, आणि त्याच्या मागं तव्यांचा कुळव.

"हे कुठं चाललेत?" मी विचारलं.

स्टेला हसली. "मर्व्हिनचं ते गुपित. तुला शेवटी सांगायचं ठरलं होतं. हमरस्त्याकडच्या रानाची दशा बघवत नाही म्हणे. एनार घरी येईल तेव्हा त्याला ते काळंभोर दिसलं पाहिजे. बिचाऱ्याला केवढं बरं वाटेल, नाही?"

हातातली पाई मी कशी खाली ठेवली ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की पुढच्या क्षणी सगळ्या पाई मी पिकअपच्या मागच्या फळीवर चढवत होते, आणि स्टेला ओरडत होती, "अगं, सुरी तरी घे!"

रस्त्यानं गेले असते तर उशीर झाला असता. मी कापलेल्या कुरणातून गाडी घातली. मागे पाई उडत होत्या. डोक्यात एकच विचार होता. आता बोलले तर एनारनं घातलेली शपथ मोडते, नाही बोलले तर त्याचं गवत जातं. आणि काहीही केलं तरी ज्या माणसांनी दिवसभर घाम गाळला त्यांना मी परत पाठवणार होते. मी मर्व्हिनच्या ट्रॅक्टरसमोर गाडी आडवी घातली तेव्हा त्याचे तवे नुकतेच कुंपणाच्या दारातून आत आले होते.

"आर्डिस! मरायचंय का?" मर्व्हिन वरून ओरडला.

"पाई आणलीये," मी म्हणाले. "गरम आहे. आधी खाऊन घ्या."

त्यांनी खाल्ली. सुरी नव्हतीच, हातानं तोडून खाल्ली. सगळ्यांच्या मिशा जांभळ्या झाल्या. स्टेला दुसऱ्या गाडीनं मागून आली आणि माझ्याकडे रोखून बघत उभी राहिली. पाई संपली. मर्व्हिननं पँटला हात पुसले आणि ट्रॅक्टरच्या पायरीवर पाय ठेवला.

"थांब मर्व्हिन. या रानाला हात लावू नकोस."

"अगं, लाजतेस काय? एनारनं माझ्या बापाच्या वेळी काय कमी केलं? चार फेऱ्यांत काळं करून टाकतो."

"मी नको म्हणतेय."

म्हातारी माणसं जमिनीकडे बघायला लागली. मर्व्हिनचा चेहरा पडला. त्याला मारलं असतं तर परवडलं असतं, असं मला झालं. मग मात्र माझा संयम सुटला. एनारचा राग आला, त्याच्या त्या ताठ्याचा आला, आणि सगळ्यात जास्त राग आला तो माझ्याच मिटलेल्या तोंडाचा.

"ते तण नाहीये!" मी ओरडले. "म्हणजे, तण आहे, पण खाली गवत आहे. सरकारच्या योजनेतलं. एनारनं स्वतः फोन करून मागवलं आणि स्वतःच्या हातानं पेरलं. आता हसा काय हसायचं ते. पण हसून झालं की तवे वर उचला."

कोणी हसलं नाही. मर्व्हिनचं तोंड उघडंच राहिलं. "एनार? आपला एनार? मूठ आपटणारा?"

"तोच. माती पोरांच्या डोळ्यांत जाते म्हणून."

तेवढ्यात क्लिफर्ड प्रिंगल आपल्या ट्रॅक्टरवरून उतरला. काही न बोलता तणात शिरला, गुडघे टेकले, दोन्ही हातांनी रानमोहरी बाजूला सारली, आणि एक केसासारखं पातं नखाच्या टोकावर धरून डोळ्यांजवळ नेलं. बराच वेळ बघत राहिला. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो.

"आहे," तो म्हणाला. "गहूगवत आहे. पानाच्या बुडाशी जांभळट नख्या आहेत बघा. आणि हे दुसरं सुईगवत. ओळीनं आलंय. छान आलंय."

मी कमरेवर हात ठेवले. "क्लिफर्ड, तुला रे काय माहीत या नख्या न् सुया?"

त्याचे कान लाल झाले. मानेपर्यंत लाल झाले. सबंध वर्षात बोलला नसेल एवढं त्याला एका दमात बोलावं लागलं. "टेकडीमागं... माझं पण आहे थोडं. तिसरं वर्ष आहे."

मर्व्हिन हसता हसता ट्रॅक्टरच्या चाकाला टेकला. "क्लिफर्ड! लबाडा! टेबलावर बसून मान हलवतोस आणि टेकडीमागं सरकारी गवत! अरे, त्या डेल्फीनची गाडी तुझ्याकडे वळताना दिसली तेव्हा मला वाटलं, तुला—"

"मर्व्हिन," स्टेला शांतपणे म्हणाली. "तुला कशी ओळखू येते रे डेल्फीनची गाडी?"

मर्व्हिननं घाईनं टोपी डोळ्यांवर ओढली.

"सांगतोस की मी सांगू? जुन्या विहिरीमागचं?"

"अगं, ते अगदी थोडं आहे..."

"थोडं? गुरं शोधायला गेले तर मी त्यात हरवले मागच्या वर्षी!"

मग जो हशा उसळला, तो हमरस्त्यावरच्या गाड्यांनाही ऐकू गेला असेल. हसता हसता अजून एकानं हात वर केला. मग कुंपणापाशी उभा असलेला एक म्हातारा म्हणाला, माझं नाल्याकाठी आहे. सगळे कित्येक वर्षं एकमेकांच्या तोंडावर योजनेला नावं ठेवत होते आणि ताकास तूर लागू न देता मागच्या रस्त्यानं त्याच पोरीला बोलावत होते. डेल्फीन त्या दिवशी फोनवर का हसली ते मला आत्ता कळलं.

हशा ओसरला तसा मर्व्हिन रानाकडे वळला. त्यानं टोपी काढली. तण त्याच्या कमरेला लागत होतं.

"आम्ही सगळ्यांनी मागं लपवून लावलं," तो म्हणाला. "ह्यानं हमरस्त्याला लावलं. गावादेखत. आणि महिनाभर गाव नाक मुरडत गेलं तरी हूं का चूं केलं नाही."

"मी तर त्याला कुळव देऊ केला," तो थोड्या वेळानं पुटपुटला.

इतकी वर्षं मी या माणसाच्या ताठ्यावर वैतागत आले. त्या दिवशी तिथं, जांभळ्या मिशांच्या त्या माणसांमध्ये उभी राहून मला वाटलं, हा ताठा माझा आहे, माझ्या घरचा आहे, आणि तो कोणी मागितला तरी मी देणार नाही.

मग क्लिफर्डनं सूत्रं हातात घेतली. तवे रानाबाहेर काढले. गवत कापायची यंत्रं तिथं होतीच. त्यांची पाती त्यानं वीतभर उंच लावून घेतली, एकेकाच्या यंत्राजवळ जाऊन स्वतः हात लावून तपासली. "याच्या खाली नाही. आणि कडेनं वळताना हळू." मर्व्हिननंसुद्धा मुकाट्यानं ऐकलं. रानमोहरीची फुलं आडवी पडली, काटेरी तण बी धरायच्या आधी कापलं गेलं. संध्याकाळपर्यंत ते रान एका उंचीवर आलं होतं. काळं नव्हतं. पिवळट, खरबरीत, विरळ दिसत होतं. पण ओळी कशा सरळ!

त्या संध्याकाळी मी दवाखान्यात फोन केला.

"एनार, मी सांगितलं सगळ्यांना. मर्व्हिन कुळव घेऊन आला होता. दुसरा उपाय नव्हता."

पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. त्या टाके घातलेल्या छातीचं मला भय वाटायला लागलं.

"गवत?" त्यानं विचारलं.

"आहे. क्लिफर्ड म्हणतो छान आलंय."

"क्लिफर्डला काय कळतं?"

मी सांगितलं, क्लिफर्डला काय कळतं ते. मग मर्व्हिनचं सांगितलं, विहिरीमागचं, नाल्याकाठचं. एनार ऐकत होता. हसायची त्याला बंदी होती, टाके दुखतात म्हणून, आणि तो हसू दाबायचा प्रयत्न करत होता. मला ते स्पष्ट ऐकू येत होतं. शेवटी म्हणाला, "तू शपथ मोडलीस, आर्डिस."

"मोडली."

"बरं केलंस," तो म्हणाला आणि घाईनं फोन ठेवून दिला.

महिना संपता संपता मी त्याला घरी आणलं. गावाच्या अलीकडे तो म्हणाला, "रानाशी थांब." मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. पायात सपाता, अंगावर दवाखान्यातून आणलेला सैल सदरा, छातीशी धरलेली उशी, अशा अवतारात तो कुंपणाला धरून उभा राहिला. दुरून बघणाऱ्याला तिथं काही दिसलं नसतं. छाटलेलं वाळकं तण आणि मधे मधे उघडी माती. क्षाराचा पांढरा डागही होताच.

"मला वाकता येत नाही," एनार म्हणाला. "तू बघ."

मी कुंपणाच्या तारेखालून आत शिरले आणि गुडघे टेकले. तण बाजूला केलं. खाली बारीक, निळसर हिरवी पाती होती, बोटभर उंच. एक, मग शेजारी दुसरं, मग ओळीनं.

"आहे," मी म्हणाले.

"आणि पांढऱ्यात?"

मी गुडघ्यांवरच पुढं सरकले, पांढऱ्या डागाच्या कडेपर्यंत. माती तोंडावर उडेल असं वाटलं होतं. उडाली नाही. आणि क्षाराच्या त्या खरखरीत पापुद्र्यातून, जिथं इतक्या वर्षांत एक दाणा उगवला नव्हता, तिथंही ते वर आलं होतं. कमी होतं, बारीक होतं, पण होतं.

"इथंही आहे, एनार. पांढऱ्यात पण आहे."

मागे गाडी थांबल्याचा आवाज झाला. परगावची गाडी होती. एक तरुण माणूस उतरला. आमच्याकडे कोणी रस्त्याकडेला थांबलेलं दिसलं की थांबायची रीतच आहे. सपाता घातलेला म्हातारा आणि रानात गुडघ्यांवर रांगणारी बाई बघून त्याला काय वाटलं असेल देव जाणे.

"काही हरवलंय का तुमचं?" त्यानं विचारलं. "मदत करू का?"

"नाही, हरवलं नाही," एनार म्हणाला. त्याचा आवाज अशक्त होता, म्हणून त्यानं तो मुद्दाम चढवला, रस्त्यापलीकडच्यालाही ऐकू जावा इतका. "गवत बघतोय. सरकारच्या योजनेतलं आहे. माझं आहे."

तरुणानं त्या उजाड दिसणाऱ्या रानाकडे बघितलं, मग एनारकडे, मग माझ्याकडे. "छान आहे," तो सभ्यपणे म्हणाला. त्याला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं.

"दोन वर्षांनी ये," एनार त्याला म्हणाला. "याच रस्त्यानं ये. मागच्या नाही."

तो मान हलवून निघून गेला. एनार कुंपणाला धरून तसाच ताठ उभा होता. माझे गुडघे दुखत होते, हातांना क्षार लागला होता, आणि मला उठायची मुळीच घाई नव्हती.